पट्ट्याखालची सावली

मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, हे मुळात एक पांढरे खोके असते. सात-आठ मीटर लांब, अमेरिकी रस्त्यांवर चालते तितके म्हणजे अडीच मीटरहून जरासेच अधिक रुंद, आणि दोन्ही बाजूंना सपाट भिंती. एवढी भिंत कोरी सोडली तर ती मालाच्या डब्यासारखी दिसते. म्हणून कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी तिच्यावर व्हायनलचे पट्टे चिकटवतात. पुढच्या टोकाकडून मागे झेपावणारे, लाटेसारखे वळसे घेणारे, तपकिरी, निळे किंवा राखाडीच्या तीन-तीन छटांचे. त्यांच्या कुशीत मॉडेलचे नाव. फ्लीटवूड कंपनीच्या एका ट्रेलरचे नाव ‘प्राउलर’, म्हणजे दबा धरून हिंडणारा. दुसऱ्याचे ‘वाइल्डरनेस’, म्हणजे रान. वर्षातले बहुतेक महिने घरामागच्या अंगणात चाकांखाली उटी लावून उभ्या राहणाऱ्या वस्तूला झेपेची आणि रानाची इतकी हौस असावी, यात गंमत आहे.

पट्टे नेहमीच चिकटवलेले नसत. वॉली बायम यांच्या १९३६ च्या एअरस्ट्रीम क्लिपरला रिव्हेटने जोडलेले चकचकीत ॲल्युमिनियम हीच सजावट पुरेशी वाटली. त्यात आभाळ आणि झाडे उमटत, वेगळे चित्र लागतच नसे. पुढे आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबेगो कंपनीने आपल्या मोटरहोमच्या बाजूवर रंगाचा एकच मोडता पट्टा ओढला, इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराचा, आणि गाडी दुरून ओळखू येऊ लागली. ते रंगाचे काम होते: आधी झाकायचे, मग फवारायचे, मग वाळू द्यायचे. इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास, जिथे अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर बांधले जातात, तिथल्या कारखान्यांना एवढी सवड नसते. १९८० च्या दशकात संगणकावर चालणारे कटर आले आणि पट्टा आयता कापून मिळू लागला. दोन माणसे तो लावतात आणि पुढच्या डब्याकडे वळतात.

या आयत्या पट्ट्यामागे दोन शोध आहेत. १९२६ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते. तो सापडला नाही. पण टणक आणि निकामी समजले जाणारे पीव्हीसी, म्हणजेच व्हायनल, एका द्रावकात तापवले तेव्हा ते रबरासारखे मऊ झाले. १९३५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्टँटन ॲव्हरी यांनी वॉशिंग मशीनची मोटर आणि शिवणयंत्राचे भाग जोडून, पाठीला तयार गोंद असलेली लेबले कापणारे यंत्र उभे केले. मऊ पीव्हीसी आणि पाठीवरचा गोंद यांची गाठ पडली आणि आजचा स्टिकर झाला: वर रंगीत पापुद्रा, खाली ॲक्रिलिक गोंद, त्याखाली सिलिकॉन फासलेला कागद, ज्याला गोंद धरत नाही. चिकटवण्याचा पदार्थ शोधताना हाती लागलेल्या वस्तूला शेवटी चिकटण्याचेच काम मिळाले.

पापुद्रा दोन जातींचा असतो. एक पोळीसारखा लाटलेला: गरम व्हायनल रुळांमधून दाबून पातळ केलेले. दुसरा घावनासारखा ओतलेला: पातळ द्रव कागदावर पसरून भट्टीत वाळवलेला. लाटताना बसलेला ताण लाटलेले व्हायनल कधी विसरत नाही. उन्हात तापले की ते मूळ आकाराकडे परत जायला बघते आणि कडांनी आखडते. ओतलेल्यात ताणच नसतो, त्यामुळे ते लावले तिथे पडून राहते. ओतलेला पापुद्रा साधारण ५० मायक्रॉनचा, लाटलेला ७५ किंवा त्याहून जाड. जाड म्हणजे टिकाऊ हा बाजारातला साधा हिशेब इथे नेमका उलटा आहे.

तरी म्हातारपण दोघांनाही येते. पीव्हीसीला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य हळूहळू निघून जाते, काही हवेत, काही खालच्या गोंदात. अतिनील किरण रेणूंच्या साखळीतून हायड्रोजन आणि क्लोरीन उपटून काढतात, आणि राहिलेली साखळी कडक होते. पट्ट्यावर आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा पडतात. लाल रंग आधी गुलाबी होतो, मग कसलाच राहत नाही. आखडलेल्या कडेमागे गोंद उघडा पडतो, त्यावर धूळ बसते, आणि प्रत्येक पट्ट्याला काजळाची बारीक कड येते. भेगा कुठे जास्त आहेत हे पाहिले तर ट्रेलरने दिवस कसे काढले तेही कळते. उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून एकाच जागी उभ्या असलेल्या डब्याची दक्षिणेची बाजू आधी जाते आणि उत्तरेची बरीच वर्षे शोरूममधल्यासारखी राहते. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात, जिथे हिवाळ्यात थंड राज्यांतले लोक ट्रेलर घेऊन मुक्कामाला येतात, पट्टे करपतात. ओरेगॉनच्या पावसाळी किनाऱ्याकडे ते करपत नाहीत, पण उचललेल्या कडेखाली हिरवे शेवाळ धरते.

बदलायचे ठरले की पहिले काम सोलण्याचे नाही, नोंदीचे आहे. घाईचा माणूस नेमके हेच वगळतो आणि तिसऱ्या दिवशी, भिंत कोरी झाल्यावर, लाट दाराच्या बिजागरीच्या वरून जात होती की खालून, हे आठवत बसतो. फोटो समोरून काढावेत आणि चौकटीत मोजपट्टी धरावी. तपकिरी कागदाचे मोठे ताव मास्किंग टेपने भिंतीवर लावून पट्ट्याची कड पेन्सिलने गिरवून घ्यावी. मापे भिंतीच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीपासून घ्यावीत, स्पिरिट लेव्हलने नव्हे. उभा ट्रेलर क्वचितच समतल असतो. उतारावरच्या अंगणात लेव्हलने बरोबर लावलेला पट्टा सपाट रस्त्यावर आल्यावर कललेला दिसतो.

मग उष्णता. केस वाळवायचा ड्रायर संथ असतो पण त्याच्याने सहसा नुकसान होत नाही. हीट गनच्या तोंडाशी पाचशे अंशांपर्यंत तापमान जाऊ शकते, म्हणून ती हातभर दूर आणि सतत हलती ठेवावी लागते. नव्या ट्रेलरची भिंत अनेक थरांची असते: बाहेर गेलकोटची झिलई असलेला फायबरग्लासचा पत्रा, मागे पातळ प्लायवूड, त्यामागे फोम, सगळे गोंदाने एकमेकांना धरलेले. एका जागी जास्त ताप बसला तर स्टिकरच्या आधी हे थरच सुटतात आणि भिंतीला फुगा येतो, जो पुन्हा बसत नाही. पाहिजे असतो तो ५०-६० अंशांचा ताप. तळहात टेकवला तर चटका बसून लगेच उचलावा लागेल, एवढाच.

कोपरा नखाने उचलता येतो का पाहावे, नाहीतर प्लास्टिकचे पाते घालावे. लोखंडी पाते गेलकोटवर ओरखडा काढते आणि तो ओरखडा मग उन्हात चमकत राहतो. बोटाएवढा शेंडा हाती आला की तो वर खेचायचा नाही. मागे दुमडायचा, आणि भिंतीला लागून, जवळजवळ तिच्या अंगावरूनच, सावकाश न्यायचा. तापमान बरोबर जमले की सोलण्याच्या रेषेवर गोंदाचे बारीक धागे ताणलेले दिसतात, गूळ पाकावर आल्यावर सुटतात तसे, आणि एकेक करून पापुद्र्याबरोबर निघून येतात. बारीक चरचर ऐकू येते. गार झाले की चरचर थांबते आणि ‘टच्’ असा आवाज होऊन पट्टा तुटतो. फार तापले तर पापुद्रा च्युइंगमसारखा लांबतो आणि गोंद सगळा भिंतीवर सोडून येतो. या दोन चुकांच्या मधली जागा दोन अंगुळेच असते, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. डाव्या हातातल्या ड्रायरचे अंतर आणि उजव्या हाताची ओढ यांचा मेळ पहिल्या मीटरभरात बसतो. चांगला पट्टा हाताएवढ्या लांबीत एकसंध निघतो, आणि मग हे काम जखमेची खपली काढण्याइतकेच चटक लावणारे ठरते.

दक्षिणेच्या बाजूला मात्र ही चैन नाही. तिथला पापुद्रा नखाएवढ्या टवक्यांनी निघतो. एका अक्षराला तास जातो. त्यासाठी ड्रिलला लावायचे रबरी चाक मिळते. ते शाळेतल्या खोडरबरासारखे झिजत, काळ्या कुरकुड्या पाडत स्टिकर खाते. फेऱ्या कमी ठेवल्या आणि चाक सारखे सरकते ठेवले तर गेलकोटला धक्का लागत नाही. एका जागी टेकवले तर घर्षणाने पिवळा डाग पडतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ते वापरूच नये असे म्हणणारे कारागीर आहेत, आणि त्यांचे खरे मानावे, कारण त्या पत्र्यावरचा रंग पातळ असतो. ओव्हन साफ करायचा फवारा मारण्याचा जो घरगुती उपाय कोणी ना कोणी सुचवतोच, तो तर ॲल्युमिनियमजवळ आणूच नये: त्यात कॉस्टिक सोडा असतो आणि तो धातूच खातो.

उरलेल्या गोंदाला द्रावक लागते. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनवर चालणारे द्रावक सावकाश पण बिनधोक काम करते. नागपुरी संत्रे सोलताना सालीतून जी चिळकांडी उडते तिच्यातही मुख्यतः हाच पदार्थ असतो; डोळ्यात गेला की झोंबतो आणि हाताला वास धरून राहतो. ते फासून दहा मिनिटे थांबायचे, गोंद साईसारखा सुटू लागला की प्लास्टिकच्या पात्याने एका दिशेने खरवडायचा. कापडाने चोळले तर तो पुसला जात नाही, नुसता पसरतो. ॲसिटोन किंवा थिनर झटपट काम करतात, पण शेजारी ॲक्रिलिकची खिडकी असेल तर तिच्यावर जाळीदार तडे जातात. इथे वेळ वाचवणे महागात पडते.

गोंद गेला, भिंत धुतली, वाळली. पट्टा आता नाही, पण पट्टा दिसतो.

मागे सरकून पाहिले की सगळी लाट, तिची शेपूट आणि मॉडेलच्या नावाचे प्रत्येक अक्षर भिंतीवर जागच्या जागी असते, फक्त उलट्या रंगात. जिथे स्टिकर होता तिथली जागा भोवतालपेक्षा उजळ, गुळगुळीत, ओलसर वाटावी इतकी चमकदार. अमेरिकी कारागीर याला ‘घोस्ट’ म्हणतात, भूत. मराठी घरात याची ओळख जुनीच आहे: वर्षानुवर्षे एकाच खिळ्यावर टांगलेले कॅलेंडर उतरवले की भिंतीवर जो ताजा चौकोन दिसतो, तो हाच. पाहणाऱ्याला वाटते की स्टिकरने डाग पाडला. डाग स्टिकरचा नसतोच. स्टिकरने आपल्याखालची भिंत नवीन होती तशी झाकून ठेवली, आणि बाकीची भिंत तेवढ्या वर्षांत उन्हाने म्हातारी झाली. ट्रेलर मुळात कोणत्या पांढऱ्या रंगाचा होता हे ज्याला पाहायचे असेल त्याने त्या अक्षरांच्या आत पाहावे. इतरत्र तो रंग आता कुठेही नाही. मालकाला बरेचदा इथे पहिल्यांदा धक्का बसतो. फाटका पट्टा काढला की गाडी नवी दिसेल या हिशेबाने तो कामाला लागलेला असतो, आणि पट्टा काढल्यावर कळते की पट्टा तेवढा फाटका होता, पण जुनी सगळी गाडीच झाली होती.

गेलकोट ही पॉलिएस्टर रेझिनची रंगीत झिलई आहे. अतिनील किरण तिचा सर्वांत वरचा थर मोडतात, रेझिन झिजते, आणि उघडी पडलेली रंगाची पूड हाताला खडूसारखी लागते. गडद कापडाने भिंत पुसावी. कापड पांढरे झाले तर ऑक्सिडेशन किती आहे ते कळले. ही खडूची भुकटी रबिंग कंपाउंडने उतरवता येते. फिरत्या पॉलिशरवर लोकरी पॅड, भिंतीवर दीड-दोन हातांचा चौकोन, आणि हळू फेऱ्या. पट्ट्याखालच्या भागाला फारसे काही करायचे नसते. भोवतालच्या भिंतीला उतरवत, उतरवत त्याच्या पातळीवर आणायचे असते. मऊ झालेला थर गेला की खालचा टणक गेलकोट वर येतो आणि चमक परतते. बऱ्याच ट्रेलरवर भूत यानेच निवळते. पण पिवळटपणा खोल गेला असेल, किंवा काळ्या पट्ट्याखाली दहा-पंधरा वर्षे गेली असतील, तर पूर्ण जात नाही. दुपारी समोरून काही दिसत नाही. संध्याकाळी ऊन भिंतीला तिरके लागले की ‘प्राउलर’ पुन्हा वाचता येते. ॲल्युमिनियमच्या रंगवलेल्या पत्र्यावर एवढे घासताही येत नाही, रंग संपून धातू उघडा पडतो. तिथे भूत घालवण्याचा नाद सोडून ते झाकायचे कसे याचा विचार करावा.

म्हणून नवा पट्टा कसा असावा हे खरे तर जुना पट्टाच ठरवतो. तोच आकार जसाच्या तसा हवा तर कडा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एक-दोन मिलिमीटर सरकले की उजळ रेघ बाहेर डोकावते. जाणते लोक नवा पट्टा जुन्यापेक्षा दोन्हीकडून बोटभर रुंद कापायला सांगतात. कंपनीकडून मूळ संच मिळण्याची आशा जुन्या ट्रेलरबाबत धरू नये. नक्षी वारंवार बदलते, आणि कंपन्याही टिकत नाहीत. फ्लीटवूडच २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा तपकिरी कागदावरची ती पेन्सिलची रेघ घेऊन गावातल्या साइनबोर्डवाल्याकडे जायचे.

महाराष्ट्रात हे दुकान ‘रेडियम’चे. त्यातल्या कुठल्याच वस्तूत रेडियम नसते. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेल्या त्या मूलद्रव्याचा रंग घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकत असे; पुढे गाडीच्या दिव्यात चमकणारे स्टिकर आले तेव्हा तेच नाव त्यांना चिकटले, आणि आता साधे, अजिबात न चमकणारे व्हायनलही रेडियमच. रिक्षाच्या काचेवरचे देवाचे नाव, मोटरसायकलच्या टाकीवरचे मुलांचे नाव, टेम्पोच्या मागचे आईचे आशीर्वाद, सगळे इथेच कापले जाते. कटर रेघा कापतो, पण नको असलेला भाग चिमट्याने हातानेच उपटावा लागतो, आणि देवनागरीत हे काम किचकट: ‘श्री’च्या गाठी, ‘ळ’ची दोन पोटे, ‘क्ष’चा फास. एक बारीक तुकडा आत राहिला की अक्षर आंधळे दिसते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्या गाड्यांवरचे पट्टेही उतरायला लागले की याच चिमट्यांखाली येतील.

लावण्याच्या आधी भिंतीवर मेण किंवा सिलिकॉन अजिबात नको. पॉलिश करून झाल्यावर हात चालतच राहतो आणि कोणीतरी हौसेने वॅक्सही लावून टाकतो. मग नवा स्टिकर पहिल्याच पावसात कोपरा उचलतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणाने दोनदा पुसावे, वेगवेगळ्या कापडांनी. वॅक्सची पाळी शेवटी, आणि तेही पट्ट्याच्या कडा सोडून. हवा बेताची हवी, साधारण १६ ते २७ अंशांच्या दरम्यान, आणि भिंत सावलीत. तापल्या भिंतीवर गोंद टेकताक्षणी धरतो, सरकवायला वाव देत नाही. गारठ्यात धरतच नाही.

पट्टा भिंतीवर धरून, मापे जुळवून, आडव्या मध्यावर मास्किंग टेपची एक लांब पट्टी लावतात. हीच बिजागरी. हा टेप मिनेसोटाच्या ३एम कंपनीत रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये केला तो मोटारींना दोन रंग देणाऱ्या पेंटरांच्या वैतागावर उपाय म्हणून. शंभर वर्षांनी तो रंगाचीच जागा घेतलेल्या वस्तूला आधार देतो आहे. बिजागरीच्या एका बाजूचा पट्टा वर उलटायचा, मागचा कागद सोलून कापून टाकायचा, मग पट्टा ताणून धरून मधून कडेकडे स्क्वीजीने, म्हणजे सपाट पात्याने, दाबत जायचे. प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर निम्मी चढलेली. मग टेप काढून दुसरी बाजू. नवखा माणूस भिंतीवर साबणाचे पाणी फवारून घेतो. पाण्यावर पट्टा तरंगतो, चूक सुधारता येते, पण पाणी नीट दाबून काढले नाही तर आत राहते आणि पकड धरायला दिवस लागतात. हल्लीच्या काही ओतलेल्या व्हायनलच्या गोंदात हवा निसटायला सूक्ष्म नाल्या असतात. त्यांवर पाणी मारले की त्या नाल्यांचा उपयोगच संपतो.

बुडबुडा राहतोच. तो मधोमध फोडायचा नाही. कडेला, सुईच्या टोकाने एक छिद्र पाडून अंगठ्याने हवा त्याच्याकडे ढकलायची. सुईभर जागा दिसतही नाही. रिव्हेटवरून गेलेला पट्टा आधी तंबूसारखा उभा राहतो. भोवती दोन-तीन टोचे मारून, जरा तापवून, ताठ केसांच्या ब्रशने गोल दाबला की रिव्हेटचे डोके खालून स्पष्ट उमटते. सामानाच्या कप्प्यांच्या दारांवरून पट्टा अखंड लावून मग फटीतून धारदार पात्याने कापतात. फटीवर ताणून ठेवलेला पट्टा पहिल्या लांब प्रवासातच फाटतो. सगळ्यात शेवटी वरचा ट्रान्सफर टेप, म्हणजे लावून होईपर्यंत कापलेली अक्षरे जागच्या जागी धरून ठेवणारा चिकट कागद. तोही वर न ओढता, मागे दुमडून, अक्षरांच्या कडांवर डोळा ठेवून काढायचा. एखादे टोक त्याच्याबरोबर उठू लागले की थांबून, परत दाबून, पुन्हा.

गोंदाची पकड पूर्ण व्हायला दोन-तीन दिवस जातात, तोवर गाडी धुवायची नाही. कापताना उरलेला व्हायनलचा तुकडा गुंडाळून ट्रेलरमधल्याच एखाद्या कप्प्यात ठेवतात, पुढे कुठे ओरखडा पडला तर ठिगळाला. तीन-चार उन्हाळ्यांनी तो काढून लावला की ठिगळ भोवतालच्या पट्ट्यापेक्षा गडद दिसते. कप्प्यात ऊन आलेले नसते.